सोळा हजार डॉलरची भाजी

आधी हिशेब सांगते, म्हणजे ज्यांना इथेच थांबायचंय त्यांचा वेळ वाचेल. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स या सुपरमार्केटच्या ‘एव्हरीडे रिवॉर्ड्स’ कार्डावर एका डॉलरच्या खरेदीला एक पॉइंट मिळतो. असे २,००० पॉइंट्स साठले की एकतर बिलातून १० डॉलर वजा होतात, नाहीतर त्यांचे क्वांटास या इथल्या विमान कंपनीचे १,००० पॉइंट्स होतात. मी तिकीट काढलं तेव्हा मेलबर्न ते सिडनी इकॉनॉमीचा भाव एका बाजूला ८,००० क्वांटास पॉइंट्स होता, कर आणि शुल्क वेगळं. म्हणजे नुसत्या खरेदीच्या जोरावर जायचं तर १६,००० डॉलरचे कांदे, बटाटे, दूध, साबण आणि टॉयलेट पेपर. तेही एका माणसाला, आणि फक्त जाण्याचं.

नवऱ्याला हा गुणाकार दाखवला तर म्हणाला, “चालत गेलीस तरी आधी पोचशील.”

तरीही जुलै २०२५ मध्ये माझी आई आणि माझी नऊ वर्षांची मुलगी या पॉइंट्सवर सिडनीला गेल्या. त्याला चौदा महिने लागले आणि वाटेत मी बऱ्याच चुका केल्या. ‘कार्ड आहे का?’ या प्रश्नाला रोज ‘हो’ म्हणून पुढे त्याचं काय करायचं हे माहीत नसलेले माझ्यासारखे बरेच आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात मार्च २०२४ ची. आई पुढच्या वर्षी येणार हे ठरलं होतं. दादा सिडनीत, आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये. रस्त्याने जवळजवळ ९०० किलोमीटर. आईचे गुडघे बघता गाडीने नेण्याचा विचार पहिल्या फटक्यात बाद झाला. एका शनिवारी सेल्फ-चेकआउटला उभी होते, नवऱ्याचं केशरी कार्ड स्कॅन केलं आणि पावतीच्या तळाशी छापलेली शिल्लक पहिल्यांदा नीट वाचली: १,७००. दोन वर्षं हे कार्ड लावत होतो. अधूनमधून दहा डॉलर कमी झाल्याचं मशीन सांगायचं, आम्ही ‘अरे वा’ म्हणायचो आणि विसरायचो.

त्या रात्री ॲप उघडलं. सेटिंगमध्ये तीन पर्याय होते: बिलातून दहा डॉलर कमी, ते दहा डॉलर नाताळपर्यंत साठवून ठेवायचे, किंवा क्वांटास पॉइंट्स. क्वांटासचं खातं माझ्याकडे होतं. जानेवारी २०२२ मध्ये आम्ही दिल्ली ते मेलबर्न या तेव्हा नव्यानेच सुरू झालेल्या थेट विमानाने आलो, तेव्हा तिकीट काढून देणाऱ्या एजंटने ते उघडून दिलं होतं. आत गेले तर शिल्लक शून्य. त्या प्रवासाचे चार हजारांवर पॉइंट्स होते, मला पक्कं आठवत होतं. मग नियम वाचला: खात्यात १८ महिने काहीच हालचाल झाली नाही, म्हणजे पॉइंट्स आले नाहीत आणि वापरलेही नाहीत, तर सगळे बाद होतात. चूक सर्वस्वी माझी. त्या दीड वर्षात एकदा जरी दुकानातून हजार पॉइंट्स वळवले असते तर ते चार हजार वाचले असते. व्हर्जिन ऑस्ट्रेलिया या दुसऱ्या विमान कंपनीच्या ‘व्हेलॉसिटी’ योजनेत हीच मुदत २४ महिने आहे. तुमचं कुठलंही खातं असेल तर हे वाचून झाल्यावर तेवढी शेवटच्या हालचालीची तारीख बघून घ्या.

आता दोन्ही खाती जोडायची. पाच मिनिटांचं काम, असं वाटलं होतं. आठ आठवडे गेले.

पहिला अडथळा: दुकानाचं कार्ड नवऱ्याच्या नावावर, विमानाचं खातं माझ्या नावावर. लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही, त्यामुळे नाव, आडनाव काहीच जुळेना. त्याच्या नावाने क्वांटासचं नवीन खातं उघडता आलं असतं. थेट उघडायला शंभर डॉलरच्या आसपास फी आहे, पण भागीदार कंपन्यांमार्फत फुकट उघडायची ऑफर बहुतेक वेळा चालू असते. फी भरण्याआधी ती शोधा. मी मात्र माझ्या नावाने दुकानाचं नवीन कार्ड काढलं, ते फुकटच असतं. नवऱ्याच्या कार्डावरचे १,७०० वाऱ्यावर सोडायचे नव्हते, म्हणून आणखी दोन आठवडे त्याचंच कार्ड लावलं, २,००० झाले, दहा डॉलर बिलातून घेतले आणि ते कार्ड निवृत्त केलं.

दुसरा अडथळा जास्त मजेशीर. नवीन कार्ड, माझंच नाव, तरी ‘तपशील जुळत नाहीत’. तीन दिवस मी अक्षरं तपासत बसले. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, ते असावं का नसावं, मध्ये जागा सोडावी का नाही, सगळं करून पाहिलं. शेवटी मुलीने स्क्रीनकडे बघून विचारलं, “आई, तुझा वाढदिवस जुलैत आहे?” माझा वाढदिवस ७ नोव्हेंबर. एजंटने खातं उघडताना दिवस आणि महिना उलटे भरले होते, आणि दोन वर्षं विमान कंपनीच्या लेखी मी ११ जुलैला जन्मले होते. जन्मतारीख आपली आपण बदलता येत नाही. फोन केला, पासपोर्टची प्रत पाठवली, नऊ दिवसांनी दुरुस्ती झाल्याची ईमेल आली. ११ मे २०२४ ला खाती जोडली गेली. आपल्याकडच्या तीन-तीन नावांच्या लोकांना एकच सांगणं: दोन्हीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव, आणि तारीख भरताना चौकटीत आधी दिवस मागितलाय की महिना ते बघा.

एक गोष्ट जोडल्यावरही राहते, आणि ती माझ्याही लक्षात आली नव्हती. खाती जोडली म्हणजे पॉइंट्स आपोआप विमानाकडे जायला लागत नाहीत. सेटिंगमध्ये ‘क्वांटास पॉइंट्स’ निवडावं लागतं. नाहीतर २,००० होताच दहा डॉलर वजा होतात आणि आपण वाट बघत बसतो. मी सुदैवाने २,००० व्हायच्या आत बदललं. १८ जुलैला पहिले १,००० वळले, २२ जुलैला क्वांटासच्या खात्यात दिसले. शून्याचे हजार झालेले बघून मी दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: “हजारात फार तर विमानतळाच्या पार्किंगपर्यंत जाशील.”

दादा या प्रकारात मुरलेला आहे. २००९ पासून वूलीजच्या, म्हणजे वूलवर्थ्सच्या, कार्डावर क्वांटासचे पॉइंट्स मिळायचे, २०१५ च्या अखेरीस कंपनीने ते बंद करून डॉलरची नवी योजना आणली, गिऱ्हाइकं बिथरली, आणि २०१६ मध्ये क्वांटास परत आलं. दादा त्या वेळी इथे शिकत होता, आणि ही गोष्ट तो पानिपतासारखी सांगतो. त्याच्याकडूनच मला यातलं मूळ गणित कळलं. विमान कंपनी हे पॉइंट्स दुकानाला विकते. दुकान ते विकत घेतं, कारण आपण ज्या दुकानात कार्ड आहे तिथेच जातो, आणि आपण काय, कधी, किती घेतो ते त्यांना कळतं. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये अशा योजनांवर अहवाल काढला, त्यात ग्राहकांच्या माहितीचं काय होतं यावर बरंच आहे. मला माझ्या बेसनाच्या वापराची माहिती कोणाला गेली तर फारसं काही वाटत नाही, पण फुकट काही मिळत नाहीये एवढं डोक्यात असू द्यावं.

आणि खरा खर्च तर आपणच करतो. १,००० क्वांटास पॉइंट्स घेतले म्हणजे बिलातले १० डॉलर सोडले. एक पॉइंट एका सेंटला विकत घेतला. ही गोष्ट ज्या दिवशी माझ्या डोक्यात शिरली त्या दिवसापासून ‘फुकट तिकीट’ हा शब्द मी वापरणं बंद केलं. प्रश्न एवढाच उरतो की तो एका सेंटला घेतलेला पॉइंट एका सेंटापेक्षा जास्त किमतीला खपवता येतो का.

आमची आठवड्याची खरेदी सव्वादोनशे डॉलरच्या आसपास. त्या वेगाने वर्षाला साडेअकरा हजार दुकानाचे पॉइंट्स, म्हणजे जेमतेम पावणेसहा हजार विमानाचे. बाकीचं सगळं जादाच्या ऑफरमधून येतं, आणि ऑफर ॲपमध्ये जाऊन एकेक बटण दाबून चालू कराव्या लागतात. ‘बूस्ट’ म्हणतात त्याला. बटण न दाबता तीच वस्तू घेतली तर जादाचं काही नाही. पैसे देऊन झाल्यावर, पार्किंगमध्ये ट्रॉली ढकलताना बटण दाबलं तरीही काही नाही. हा प्रयोग मी दोनदा केलाय. नवीन आठवडा बुधवारी सुरू होतो, म्हणून बुधवारी सकाळी चहा उकळेपर्यंत सगळी बटणं दाबायची सवय लावून घेतली. नको असलेल्या वस्तूचंही दाबून ठेवायला काही जात नाही. घ्यायला जातं. ऑगस्टमध्ये पॉइंट्सच्या नादात मी मांजराच्या खाण्याचा खोका उचलला होता. आमच्याकडे मांजर नाही.

सगळ्यात मोठा फटका सप्टेंबरातला. मला ऑफर आली: चार आठवडे, दर आठवड्याला एकाच बिलात १०० डॉलर, शेवटी ६,००० पॉइंट्स. म्हणजे ३० डॉलर किंवा ३,००० क्वांटास. पहिले दोन आठवडे व्यवस्थित. तिसऱ्या आठवड्यात मशीनवर १०२ आकडा बघून मी खूश होऊन कार्ड टेकवलं. घरी येऊन पावती वाचली तर शेवटी ‘दोन घ्या’वाली सूट वजा होऊन बिल ९७.४० झालं होतं. २ डॉलर ६० सेंटांनी ६,००० गेले. मी लगेच परत जाऊन दोन लिटर दूध आणि केळी आणली, पण ते दुसरं बिल. नियम एका बिलाचा. त्या रात्री मी जेवले नाही असं नवरा सगळ्यांना सांगतो. जेवले होते, गप्प होते. तेव्हापासून अशा ऑफरला मी किमान दहा डॉलरची वाढीव वस्तू ट्रॉलीत ठेवते, जी नाहीतरी लागणारच असते. तांदूळ, डिटर्जंट, असलं.

भरपाई गिफ्ट कार्डांनी केली. अधूनमधून ठरावीक गिफ्ट कार्डांवर वीसपट पॉइंट्स मिळतात, म्हणजे १०० डॉलरच्या कार्डावर २,०००. नाताळच्या आधी आणि मग शाळा सुरू होताना मी मिळून ३०० डॉलरची घेतली, ६,००० पॉइंट्स. मुलीचे शाळेचे बूट, गणवेश, एक भेटवस्तू, हा खर्च तसाही होणार होता, तो त्या कार्डांनी केला. इथल्या कायद्याप्रमाणे नोव्हेंबर २०१९ नंतरच्या गिफ्ट कार्डांना किमान तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नसते. पण ड्रॉवरमध्ये पडून राहिलेलं कार्ड म्हणजे दुकानाला दिलेलं बिनव्याजी कर्ज. माझ्या एका मैत्रिणीकडे अशी चारशे डॉलरची कर्जं आहेत.

महिन्याची वर्गणी भरून जास्त पॉइंट्स आणि महिन्यातून एकदा १० टक्के सूट देणारी योजनाही आहे. आमच्या खरेदीला त्यातली सूट परवडली असती, पण वर्षाची वर्गणी भरून मग वसूल करण्यासाठी खरेदी वाढवणारी बाई मी आहे हे मला माहीत आहे, म्हणून घेतली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली: क्वांटास ५ ऑगस्टपासून तिकिटांचे पॉइंट्स वाढवणार, मेलबर्न-सिडनी ८,००० वरून ९,२००. पॉइंट्स बँकेतल्या ठेवीसारखे नसतात हे तेव्हा कळलं. व्याज नाहीच, वर भाव त्यांच्या हातात. तेव्हा माझ्याकडे सात हजार होते. मार्चमध्ये आईचा व्हिसा आला आणि ठरवलं की ऑगस्टच्या आत काय ते उरकायचं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोजलं. साधी खरेदी ११,६००, बूस्ट वगैरे ४,४००, गिफ्ट कार्डं ६,०००. एकूण २२,०००, म्हणजे क्वांटासचे ११,०००. आजी-नात दोघींना जायचे १६,००० हवेत. दादाने त्याच्या खात्यातून ५,००० पाठवले. कुटुंबातल्या माणसाला पॉइंट्स पाठवायला शुल्क नाही, पण एका वेळी किमान ५,००० पाठवावे लागतात. माझ्या सुदैवाने मला तेवढेच हवे होते. चार हजार लागले असते तरी त्याला पाचच पाठवावे लागले असते, आणि तो ते मला आयुष्यभर ऐकवत राहिला असता. तसाही ऐकवतोच.

२७ एप्रिल, रविवार, तिकीट काढायला बसले. पॉइंट्स असले म्हणजे जागा असते असं नाही. प्रत्येक विमानात पॉइंट्सवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात, आणि त्या दिवसावर लाल फितीचं चिन्ह असतं. चिन्ह नसलेल्या जागेलाही साइट पॉइंट्स घ्यायला तयार असते, पण भाव वेगळाच. मला त्याच प्रवासाला तिपटीने जास्त दाखवत होता. फीत बघूनच पुढे जायचं. मेलबर्नच्या शाळांची सुट्टी ५ ते २० जुलै. पहिल्या शनिवार-रविवारी एकही फीत नाही. सोमवारी एक जागा. मंगळवारी, ८ जुलैला, सकाळी सव्वासहाच्या विमानात दोन.

सव्वासहा म्हणजे घरून साडेतीनला निघणं. आईला फोन केला. ती म्हणाली, “अगं, मला काय, मी चारला उठतेच.”

दाबण्याआधी एक काम केलं, जे प्रत्येकाने करावं: त्याच दिवसाचं रोखीचं भाडं पाहिलं. प्रत्येकी २१९ डॉलर, दोघींचे ४३८. माझा खर्च: १६,००० पॉइंट्स म्हणजे सोडलेले १६० डॉलर (त्यातले ५० दादाचे), आणि दोघींचं कर-शुल्क मिळून ११० च्या आसपास. २७० ला पडलं, १६८ वाचले. चौदा महिन्यांत १६८ डॉलर. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण ‘कुटुंब फुकटात फिरून आलं’ असली वर्णनं वाचून मला स्वतःला वर्षभर न्यूनगंड आला होता. परतीच्या १७ जुलैला मात्र एका स्वस्त विमान कंपनीचं भाडं ७९ डॉलर होतं. तिथे ८,००० पॉइंट्स आणि वर पन्नास-पंचावन्न डॉलर घालणं म्हणजे खुळेपणा झाला असता. ते तिकीट सरळ पैसे देऊन काढलं.

तिकीट आईच्या नावाने माझ्याच खात्यातून निघालं, तिला वेगळं सदस्य व्हावं लागलं नाही. नाव टाकताना या वेळी पासपोर्ट समोर उघडा ठेवला आणि जन्मतारीख मुलीकडून तपासून घेतली.

८ जुलैला पहाटे चारला मेलबर्नच्या टलामरीन विमानतळावर आम्ही. आईच्या पर्समध्ये लोणच्याची बाटली. मी घाबरले, मग आठवलं की इथे देशातल्या देशात द्रवाला मनाई नाही. बाटली तपासणीतून बिनबोभाट गेली. आईने मागे वळून मला हात केला, नात तिचा बोर्डिंग पास धरून पुढे, आणि मी काचेपाशी उभी राहून फोनमध्ये खात्यातली शिल्लक बघत होते. शून्य. १८ महिन्यांची चिंता मिटली, बाद व्हायला काही उरलंच नव्हतं.

घरी येताना दूध घ्यायला थांबले. सेटिंग बदलून परत ‘बिलातून दहा डॉलर कमी’ करून टाकलं होतं. ९,२०० च्या भावाने माझं गणित आता फक्त सुट्टीच्या गर्दीतल्या तारखांना जुळतं, आणि तेवढ्यासाठी पुन्हा वर्षभर बुधवारी बटणं दाबायची की नाही हे मी दिवाळीनंतर ठरवणार आहे.

दुपारी दादाचा फोन आला. दोघी पोचल्या होत्या, जेवल्या होत्या, आणि संध्याकाळच्या भाजीला त्याच्याबरोबर दुकानात गेल्या होत्या. तिथे मशीनपाशी त्याने पैसे द्यायला कार्ड काढल्यावर आईने त्याचा हात धरला म्हणे.

“थांब. आधी ते केशरी लाव.”